एकच कोड, दोन पायथन आणि हिंदमाताचा पाऊस

जूनमधला पहिला मोठा पाऊस आला की आमच्या तळमजल्यावरच्या काकू दोन कामं करतात. फ्रिजखाली आणखी दोन विटा सरकवतात, आणि जिन्यात मला गाठून विचारतात, "अगं, तुझा कॉम्प्युटर काय म्हणतोय? हिंदमाताला भरणार का आज?" मी दरवेळी सांगते, की काकू, माझा कॉम्प्युटर उद्याचं नाही, झालेल्या पावसाचं सांगतो. त्या म्हणतात, "झालेलं तर मलाही माहितेय."

आजचा लेख त्या झालेल्या पावसाबद्दलच आहे. झालेल्या पावसाबद्दलसुद्धा माझा कॉम्प्युटर दोन वेगवेगळी उत्तरं देत होता. डेटा तोच, कोड तोच. फरक एवढाच, की एका मशीनवर पायथन २.७ होतं आणि दुसऱ्यावर पायथन ३.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात. हिंदमाता म्हणजे डॉ. आंबेडकर रोडवरचा दादर-परळच्या मधला बशीसारखा खोलगट भाग. आजूबाजूच्या उंच भागांतलं पाणी उतरून इथे येतं आणि भूमिगत नाल्यांतून पूर्वेला समुद्राकडे जातं. भरती असेल तर समुद्र ते घेत नाही. मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने बांधलेल्या होत्या. १९९३च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ती क्षमता ताशी ५० मिलिमीटर करायला सांगितलं. त्यानंतर हिंदमातासाठी रे रोडजवळ ब्रिटानिया पंपिंग स्टेशन झालं, प्रमोद महाजन उद्यान आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली पाणी साठवायच्या टाक्या झाल्या. माझ्या प्रबंधात त्यामुळे '५०' या आकड्याला फार मान आहे. कोणत्या तासात पाऊस ५० मिलिमीटरच्या वर गेला, त्या वेळी भरती कुठे होती आणि रस्त्यावर पाणी किती वेळ राहिलं, या तीन याद्या एकमेकींशी जुळवणं म्हणजे माझं गेल्या दोन वर्षांचं आयुष्य.

त्यातली पहिली यादी बनवणारा कोड मी लिहिलेला नाही. आमच्या विभागातल्या एका सीनियर ताईने तो बऱ्याच वर्षांपूर्वी पायथन २ मध्ये लिहिला. नकाशे बनवायचं जुनं जीआयएस सॉफ्टवेअर ज्या मशीनवर आहे ते मशीन पायथन २.७ च बोलतं, आणि ताईचा कोड त्या सॉफ्टवेअरच्या आतूनच चालतो. माझ्या लॅपटॉपवर मात्र पायथन ३ आहे, कारण मला लागणाऱ्या नव्या लायब्ररी पायथन २ वर मिळतच नाहीत. नमपायने २०१९पासून नवीन आवृत्त्यांमध्ये पायथन २ सोडलं आणि बाकीचे एकेक करून त्याच्या मागे गेले. म्हणजे एकच फाइल दोन्हीकडे चालायला हवी. दोन फाइली ठेवून बघितल्या होत्या. एका फाइलमधली दुरुस्ती दुसरीत करायला मी तिसऱ्याच दिवशी विसरले.

हा त्रास का आहे, हे कळायला थोडा इतिहास. पायथन ३.० आलं ३ डिसेंबर २००८ला. बनवणाऱ्यांनी उघड सांगितलं होतं, की जुन्या काही चुका आम्ही सुधारतोय आणि त्यासाठी जुना कोड मोडणार आहे. लोकांनी पटापट बदल करावा अशी अपेक्षा होती. लोकांनी केला नाही. जुलै २०१०मध्ये २.७ आलं, त्याचा सांभाळ २०१५पर्यंत करायचं ठरलं होतं, मग २०१४मध्ये ती मुदत २०२०पर्यंत वाढवली. १ जानेवारी २०२०ला पायथन २ अधिकृतपणे संपलं आणि एप्रिलमध्ये २.७.१८ ही शेवटची आवृत्ती निघाली. म्हणजे अकरा वर्षं दोन्ही भाषा शेजारी शेजारी नांदत होत्या. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये आजही पायथनची जुनी मालिका वेगळी आणि ३.४.३ची वेगळी दिसते, ती याच काळाची खूण.

आपल्याकडे असा काळ पैशांच्या बाबतीत येऊन गेलाय. १ एप्रिल १९५७ला रुपयाचे १०० नवे पैसे झाले, पण सोळा आणे लगेच गेले नाहीत. काही वर्षं दोन्ही नाणी चालत होती. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. आता सव्वासहा नवे पैसे देणार कसे? पाव पैशाचं नाणं नव्हतं. म्हणून एका आण्याला सहा. चार आणे एकदम दिले तर पंचवीस, आणि एकेक करून चारदा दिले तर चोवीस. हा एक पैसा कुठे गेला हे लक्षात ठेवा, पुढे हिंदमाताला हाच भेटणार आहे.

(आजच्या कोडमधल्या ओळी मी देवनागरीत लिहितेय. वाचताना उच्चार वाचा, टाइप करताना अर्थात इंग्रजी.)

तर कामाला लागले. सुरुवात सोप्या गोष्टींनी झाली. पायथन २ मध्ये 'प्रिंट'ला कंस लागत नाही, ३ मध्ये लागतो. एक्सरेंज गेलं, हॅज-की गेलं, एरर पकडताना स्वल्पविराम चालायचा तिथे 'ॲज' आलं. हे सगळं पायथन ३ स्वतःच ओरडून सांगतं, त्यामुळे यात धोका नाही, फक्त कंटाळा आहे. सुदैवाने 'ॲज'वाली पद्धत २.६पासून जुन्या पायथनलाही कळते, त्यामुळे नवीन पद्धतीने लिहिलेलं दोन्हीकडे चालतं. एकूण युक्ती हीच आहे: दोन्ही भाषांना कळणारा जो मधला पट्टा आहे, तेवढ्यातच लिहायचं. एफ-स्ट्रिंग मला फार आवडतात, पण त्या ३.६पासूनच्या, म्हणून त्या बाद.

इथे मी एक चूक केली, ती बहुतेक सगळे करतात. मला वाटलं, आवृत्ती तपासून 'इफ' लावू. पायथन २ असेल तर बिनकंसाचं प्रिंट, नसेल तर कंसाचं. पायथन ३ ने फाइल उघडायलाच नकार दिला. कारण पायथन ओळी एकेक वाचत एकेक चालवत नाही. आधी पूर्ण फाइलचं व्याकरण तपासतं, मग पहिली ओळ चालवतं. प्रूफरीडर जसा 'हे पान वाचक वाचणार नाहीये' म्हणून सोडून देत नाही, तसंच. म्हणून 'इफ' फक्त तिथे कामाला येतो जिथे व्याकरण दोन्हीकडे बरोबर आहे आणि वस्तू वेगळी आहे. उदाहरणार्थ, इंटरनेटवरून फाइल आणणारी लायब्ररी. जुन्याकडे तिचं नाव यूआरएललिब-२, नव्याकडे यूआरएललिब-डॉट-रिक्वेस्ट. इथेसुद्धा आवृत्ती विचारण्यापेक्षा 'ट्राय' करून नवीन नाव मागावं, नाही मिळालं तर जुनं घ्यावं. घरी पाहुणे आल्यावर आपण त्यांना आधार कार्ड विचारत नाही, चहा घेणार का विचारतो. आपल्याला वस्तूशी मतलब. अशी सगळी नावं एका जागी जमवून देणारी एक छोटी लायब्ररी आहे, तिचं नाव 'सिक्स'. दोन गुणिले तीन सहा, म्हणून सिक्स. प्रोग्रामर लोकांचा विनोद इतपतच असतो.

दुसरा धडा देवनागरीचा. पावसाच्या केंद्रांची नावं ताईने मराठीत ठेवली होती, ते मला फार आवडलं होतं. पायथन २ मध्ये साध्या अवतरणचिन्हातली 'हिंदमाता' म्हणजे अक्षरं नाहीत, बाइट आहेत. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ह, वेलांटी, अनुस्वार, द, म, काना, त, काना अशी आठ चिन्हं, म्हणजे चोवीस बाइट. पायथन २ ला लांबी विचारा, तो चोवीस सांगतो. पायथन ३ आठ सांगतो. (तुम्ही मराठी माणसाला विचारलंत तर तो चार सांगेल, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

ताईच्या कोडमध्ये तक्त्यात बसावं म्हणून नाव दहावर कापलेलं होतं. पायथन ३ मध्ये दहात अख्खं हिंदमाता मावतं. पायथन २ मध्ये दहा बाइट म्हणजे 'हिं' पूर्ण आणि 'द'चा एक तृतीयांश तुकडा, जो स्क्रीनवर चौकोन किंवा प्रश्नचिन्ह होऊन येतो. मग ही तुटकी नावं दुसऱ्या फाइलमधल्या नावांशी जुळत नाहीत आणि ते केंद्रच यादीतून गळतं. आणि बाइट व युनिकोड एकत्र जोडायला गेलं, की पायथन २ ची ती प्रसिद्ध एरर: ॲस्की कोडेकला हा बाइट वाचता येत नाही, १२८च्या आत बसत नाही. १२८च्या आत इंग्रजी बसतं. आपण सगळे १२८च्या बाहेरचे. ज्यांनी पायथन २ मध्ये मराठीवर काम केलंय त्यांना पायथन ३ का हवं होतं हे समजावून सांगावं लागत नाही.

उपाय: फाइलच्या सुरुवातीला एन्कोडिंगची ओळ, आणि फाइल उघडताना साधं 'ओपन' न वापरता आयओ-डॉट-ओपन वापरून एन्कोडिंग स्पष्ट सांगायचं. आत येताना बाइटचं अक्षर करा, बाहेर जाताना अक्षराचं बाइट करा, मधे सगळी अक्षरंच. अक्षराच्या आधी 'यू' लावायची जुनी पद्धत पायथन ३.० ने काढूनच टाकली होती. लोकांनी इतकी कुरकुर केली, की २०१२मध्ये ३.३ ने ती परत आणली. नव्या भाषेला तिचा काही उपयोग नाही, केवळ एकच फाइल दोन्हीकडे चालावी म्हणून ती आहे. मला हा निर्णय आवडतो. आपलंच खरं न करता एक पाऊल मागे आले.

इथपर्यंत आठवडा गेला, पण फाइल दोन्हीकडे चालली. एरर नाही, काही नाही. मी खूश. मग दोन्ही मशीनवरच्या याद्या शेजारी ठेवल्या. लॅपटॉपवरच्या यादीत काही तास जास्त होते.

आता मुद्द्याचं. पर्जन्यमापकात एक छोटं दोन कप्प्यांचं भांडं असतं, सी-सॉसारखं. ठरावीक पाणी साठलं की ते कलंडतं आणि दुसरा कप्पा वर येतो. प्रत्येक कलंडणं म्हणजे एक 'टिप'. आमच्याकडच्या एका संचात एक टिप म्हणजे अर्धा मिलिमीटर. यंत्र टिपा मोजतं, म्हणून आकडा नेहमी पूर्णांक. दर पंधरा मिनिटांनी एक नोंद. ताईचा कोड प्रत्येक नोंदीला २ ने भागून मिलिमीटर करायचा आणि मग चार नोंदींची बेरीज करून तासाचा पाऊस काढायचा.

पायथन २ मध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की उत्तरही पूर्णांक येतं, वरचा भाग कापून. २५ भागिले २ बरोबर १२. पायथन ३ मध्ये १२.५.

समजा एका तासातल्या चार नोंदी २५, २५, २५ आणि २७ टिपा अशा आहेत. एकूण १०२ टिपा, म्हणजे ५१ मिलिमीटर पाऊस. पायथन ३ ५१च सांगतो. पायथन २ मध्ये मात्र १२, १२, १२ आणि १३, बेरीज ४९. पन्नासच्या खाली! तो तास यादीत येतच नाही. एकेक आणा चारदा दिला आणि पैसा गेला, तसे इथे दोन मिलिमीटर गेले. आधी बेरीज करून मग भागलं असतं, तर १०२ भागिले २ दोन्हीकडे ५१ आलं असतं आणि ही चूक कधी सापडलीच नसती. तसंच, टिपा सम संख्येत असत्या तरी सापडली नसती. ताईने तपासायला घेतलेलं उदाहरण बहुधा १०, २०, ३० असंच काहीतरी गोल असणार. मीसुद्धा तेच घेतलं असतं.

गंमत इथे संपत नाही. ताईने एका जुन्या फाइलमध्ये हीच चूक टाळायला २.० ने भागून मग 'राउंड' केलं होतं. राउंडसुद्धा दोन पायथनमध्ये वेगळं आहे. अर्धा आला की पायथन २ शाळेत शिकवतात तसं वरच्या पूर्णांकाकडे नेतं: १२.५चे १३, १३.५चे १४. पायथन ३ जवळच्या सम संख्येकडे नेतं: १२.५चे १२, १३.५चे १४. यामागे कारण आहे. नेहमी वरच ढकललं तर मोठ्या बेरजेत आकडा फुगत जातो, सम संख्येकडे नेलं तर चढउतार साधारण एकमेकांना खातात. पण आमच्या चार नोंदींवर काय होतं बघा. पायथन २: १३, १३, १३, १४, बेरीज ५३. पायथन ३: १२, १२, १२, १४, बेरीज ५०.

म्हणजे आकाशातून पडलेला पाऊस एक, ५१. आणि कोडची पद्धत व पायथनची आवृत्ती यांच्या जोड्यांतून उत्तरं ४९, ५०, ५१ आणि ५३. '५०पेक्षा जास्त' अशी अट असेल तर यातली दोन उत्तरं 'क्षमतेच्या आत' म्हणतात आणि दोन 'क्षमतेच्या बाहेर'. उद्या कुणी माझी यादी बघून म्हणालं, की बघा, नाल्याच्या क्षमतेपेक्षा कमी पावसातसुद्धा हिंदमाता भरतं, म्हणजे नाले तुंबलेत, तर त्यातले काही तास खरं तर माझ्या भागाकाराने तुंबवलेले असतील.

यानंतर दोन दिवस मी काहीच केलं नाही. खरं सांगायचं तर भीती वाटली. ताईच्या यादीवर तिचा एक शोधनिबंध आहे, आणि त्या निबंधावर माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण उभं आहे. मॅडमना काय सांगणार?

शेवटी ताईलाच फोन केला. ती आता बाहेरगावी नोकरी करते. मी घाबरत घाबरत सांगितलं. ती आधी गप्प झाली, मग म्हणाली, "तू आत्ता कोड बदलू नकोस. आधी माझी चूक पायथन ३ वर जशीच्या तशी करून दाखव. मगच मी मानेन, की फरक एवढ्याचाच आहे."

हा सल्ला मला कुठल्याही ट्युटोरियलमध्ये मिळाला नव्हता. मी एकाच वेळी दोन गोष्टी करत होते. भाषा बदलत होते आणि उत्तरही सुधारत होते. मग आकडा बदलला तर तो भाषेमुळे की सुधारणेमुळे, हे कसं कळणार?

मग पुन्हा सुरुवातीपासून. फाइलच्या अगदी वर ही ओळ घातली: 'फ्रॉम फ्यूचर इम्पोर्ट डिव्हिजन'. ही खास जुन्या पायथनसाठीची सोय आहे, २००१च्या २.२ आवृत्तीपासूनची. ती लिहिली की त्या फाइलपुरता पायथन २ चा भागाकार पायथन ३ सारखा होतो. बाकी कोडच्या आधी, फाइलच्या सुरुवातीलाच लिहावी लागते, नाहीतर एरर. आता दोन्हीकडे एका तिरप्या रेघेचा अर्थ 'खरा भागाकार' आणि दोन तिरप्या रेघांचा अर्थ 'कापलेला भागाकार'. मग ताईच्या कोडमध्ये जिथे जिथे पूर्णांक भागाकार होता तिथे मी मुद्दाम दोन रेघा केल्या. शोधायला मदत म्हणून पायथन २ ला 'क्यू-वॉर्न' पर्याय देऊन जुना कोड चालवला, तो प्रत्येक जुन्या भागाकारावर इशारा देतो. मला डोळ्यांनी न दिसलेल्या जागा त्याने दाखवल्या. राउंडच्या जागी दोन्हीकडे सारखं वागणारं स्वतःचं छोटं फंक्शन लिहिलं.

आता लॅपटॉपवरही ४९ यायला लागले. ताईच्या शोधनिबंधातली यादी पायथन ३ वर तंतोतंत उतरली. एवढ्या आनंदाने चुकीचं उत्तर मी आयुष्यात कधी बघितलं नसेल. ती अवस्था गिटमध्ये जतन केली आणि मग एकाच बदलात त्या जागी दोन रेघांची एक रेघ केली. दोन्ही मशीनवर ५१.

पण एक जागा राहिली होती, आणि माझ्या मते तीच सगळ्यात गंभीर होती.

जोरदार पावसात कधी कधी केंद्राची नोंद येतच नाही. वीज जाते, नेटवर्क जातं. कोडमध्ये त्या जागी 'नन' येतं, म्हणजे 'काही नाही'. पायथन २ मध्ये 'नन'ची तुलना आकड्याशी केली तर तो मुकाट्याने उत्तर देतो: नन हा कुठल्याही आकड्यापेक्षा लहान. म्हणजे 'पाऊस ५०पेक्षा जास्त आहे का?' असं विचारलं आणि नोंदच नसली, तरी उत्तर येतं, 'नाही'. ज्या तासात यंत्र बंद पडलं, तो तास आमच्या यादीत शांत, कोरडा तास म्हणून जात होता. पायथन ३ इथे थांबतो आणि टाइप एरर देतो: ननची आणि आकड्याची तुलना होत नाही.

ही एरर मला पहिल्याच दिवशी आली होती. मी काय केलं होतं माहितेय? वैतागून 'नन असेल तर शून्य धर' अशी ओळ घातली होती, फाइल चालावी म्हणून. म्हणजे पायथन ३ जे नीट सांगत होता ते मी पुन्हा पायथन २ सारखं दडपलं. आवृत्त्या जुळवताना हा मोह फार होतो, की एरर गेली म्हणजे काम झालं. शून्याऐवजी 'नॅन' घालावं असंही काहीजण सांगतात, पण नॅनची कुठलीही लहान-मोठी तुलना 'नाही'च येते, तेव्हा ५०च्या अटीपुरतं तेही तसंच गप्प बसतं.

आता यादीत तीन रकाने आहेत: ५०च्या वर, ५०च्या आत, आणि माहीत नाही. तिसरा रकाना भरल्यावर कळलं, की माझ्या सगळ्यात मोठ्या पावसांच्या दिवसांतले काही तास तिथेच आहेत. ते साहजिकच आहे. यंत्रंही त्याच पावसात उभी असतात.

हा प्रश्न काही माझ्या एकटीचा नाही. नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिचा डेटा हाताळायला बरेच लोक 'कासा' नावाचं सॉफ्टवेअर वापरतात. कासाची पाचवी मालिका पायथन २ वर होती, सहावी पायथन ३ वर गेली, आणि तिच्यावर लिहिलेल्या पाइपलाइनींनाही मागोमाग जावं लागलं. नकाशांच्या जगात क्यूजीआयएसने फेब्रुवारी २०१८मध्ये ३.० आणलं तेव्हा जुने प्लगइन असेच अडकले. फरक असा, की मोठ्या प्रकल्पात बदल झाला हे सगळ्यांना माहीत असतं. आमच्यासारख्या एका विद्यार्थ्याच्या फाइलमध्ये तो शांतपणे होतो.

तुम्हाला असा कोड वारशात मिळाला असेल तर माझा क्रम सांगते. काहीही बदलायच्या आधी जुन्या मशीनवर, जुन्या पायथनवर, खऱ्या डेटाचं उत्तर काढून जपून ठेवा. गोल आकड्यांचा डेटा नको, विषम संख्या आणि गायब नोंदी असलेला हवा. मग भाषा जुळवा, उत्तर तेच येईपर्यंत. मग सुधारा. प्रत्येक बदलानंतर दोन्हीकडे चालवून याद्या एकमेकींशी ताडून बघा. हे हाताने करायचा कंटाळा येत असेल तर 'टॉक्स' नावाचं साधन एकच चाचणी अनेक पायथनवर चालवून देतं. आणि 'टू-टू-थ्री' या रूपांतर करणाऱ्या साधनावर विसंबू नका. ते प्रिंटला कंस लावेल, पण तुमच्या भागाकाराचा हेतू त्याला कळत नाही. तसंही ते आता पायथन ३.१३मधून काढून टाकलंय.

मॅडमना सांगितलं. त्यांनी दोन्ही याद्या मागवल्या, चष्मा काढून, लावून तासभर बघितल्या. मग विचारलं, "तिसऱ्या रकान्याचं काय करणार?" भागाकाराबद्दल त्यांनी फारसं विचारलंच नाही. ताई तिच्या शोधनिबंधाला शुद्धिपत्र पाठवतेय, मसुदा आम्ही दोघींनी मिळून लिहिला. निष्कर्ष बदलत नाही, पण तक्ता बदलतो.

तिसऱ्या रकान्यातल्या तासांसाठी मी आता शेजारच्या केंद्रांच्या नोंदी लावून बघतेय. आणि काकूंकडून एक वही मिळालीये. कुठल्या दिवशी किती वाजता पाणी पहिल्या पायरीला लागलं, हे त्या गेली कित्येक वर्षं वाण्याच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानांवर लिहून ठेवतायत. त्यात एकही नोंद गायब नाही. ती टाइप करायचं काम या आठवड्यात सुरू केलंय.